खाटेमागे अर्धी गाडी

मठातल्या दर दहा नन्समागे एक मोटार. चर्चच्या आवारात पाद्री राहत असतील तर दर चौघांमागे तीन. न्हाव्याच्या दुकानात एका न्हाव्यामागे दोन, ब्यूटी पार्लरमध्ये एका बाईमागे तीन. पोहण्याचा तलाव बांधायचा असेल तर माणसं मोजायचीच नाहीत, पाणी मोजायचं. दर अडीच हजार गॅलनला एक मोटार. मृतांची इमारत असेल तर तिथं एका तासात जास्तीत जास्त जितकी दफनं होऊ शकतील, त्याच्या दसपट.

ही अमेरिकेतल्या निरनिराळ्या गावांच्या बांधकाम नियमावल्यांतली कलमं आहेत. इमारत कसली बांधताय ते सांगा, म्हणजे गाड्यांसाठी किती जागा सोडायची ते नगरपालिका सांगेल. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी ही रत्नं वेचून २००५ साली सातशेच्या वर पानांचा ग्रंथ लिहिला. फुकटचं पार्किंग फुकट नसतं, कोणीतरी त्याचे पैसे भरतच असतं, एवढाच त्याचा आशय. पण सातशे पानं लागली, कारण ज्यांना सांगायचं ते सगळे काचा वर करून गाडीत बसलेले होते. शूप स्वतः सायकलवरून विद्यापीठात जात. २०२५ साली ते वारले.

हे आकडे आले कुठून, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. उत्तर असं, की शेजारच्या गावाच्या नियमावलीतून. शेजारच्या गावानं ते त्याच्या शेजाऱ्याकडून उतरवलेले. अगदी मुळाशी गेलं तर वाहतूक इंजिनिअरांची जाडजूड हँडबुकं सापडतात, आणि त्यांतली बरीचशी मोजणी अशा उपनगरात केलेली, जिथं पार्किंग फुकट आणि बस नाही. तीही ऐन गर्दीच्या वेळी. लग्नाच्या पंगतीत सर्वांत जास्त कोण जेवलं ते पाहून घराघरातला रोजचा स्वयंपाक ठरवावा, तसला हा प्रकार. ओहायो राज्यातल्या कोलंबसनं १९२३ साली अपार्टमेंटना पार्किंगची सक्ती केली, आणि मग ही साथ देशभर पसरली.

विद्यार्थी या नियमावल्यांत खाटेवर मोजला जातो. अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो त्या गावात दर दोन खाटांमागे एक गाडी असा नियम होता. म्हणजे खाटेमागे अर्धी. खाट हे एकक माझ्या चांगल्या परिचयाचं आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या जागेत आम्ही वर्षानुवर्षं एमपीएससीची मुलं ठेवत आलो. कॉट बेसिसवर. एक खाट, एक ट्रंकेची जागा, खिळ्याला एक पिशवी, डबा बाहेरून. त्या मुलांचं भवितव्य काय, असा विचार मी खूप केला आहे. त्यांच्या अर्ध्या गाडीचा विचार मात्र माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

गाव विद्यापीठाचं. चहूबाजूंनी मक्याची शेतं, मध्ये विद्यापीठ, आणि विद्यापीठाच्या भोवती अशी माणसं की जी विद्यापीठामुळे तिथं आली आणि आता विद्यार्थ्यांमुळे वैतागली आहेत. मुलीच्या घरापासून थोड्या अंतरावर गालिच्यांचं एक दुकान बंद पडलं होतं. त्या जागी एका बिल्डरला विद्यार्थ्यांसाठी पाच मजली इमारत बांधायची होती. एकशे वीस खाटा. नियमाप्रमाणे गाड्या साठ. जागेत बसत होत्या अठरा. उरलेल्या बेचाळीस गाड्यांची सूट मिळावी असा त्याचा अर्ज होता.

न जन्मलेल्या बेचाळीस गाड्यांसाठी काय काय करावं लागतं ते मी तिथं पाहिलं. जागेवर मोठा फलक लागला. आसपासच्या प्रत्येक घरी नगरपालिकेचं पत्र आलं, की अमुक तारखेला सुनावणी आहे, तुमचं म्हणणं मांडायला या. आपल्याकडे हरकती-सूचनांची नोटीस ज्या पानावर छापतात ते पान वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तिथं पत्र घरी. मी त्या पत्राला उत्तर म्हणून जाणार असं जाहीर केलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाला करमणूक म्हणून काय असतं? कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदाच येते.

“बाबा, तुम्ही ऐकायचं फक्त,” मुलगी म्हणाली. “बोलायचं नाही.”

जावईबापू काही बोलले नाहीत, पण त्यांनी आमच्यापासून चार खुर्च्या सोडून बसायची जागा धरली.

जायच्या आधी त्यांनी मला हिशेब समजावून सांगितला होता. एक गाडी उभी करायला नऊ बाय अठरा फूट लागतात. पण तिला आत यायला, वळायला, बाहेर पडायला वाट हवी. सगळं धरून एका गाडीला तीनशे चौरस फुटांच्या वर जागा जाते. होस्टेलच्या ज्या खोलीत दोन मुली राहतात, अभ्यास करतात, मॅगी करतात आणि भांडतात, ती खोली सुमारे दोनशे फुटांची. म्हणजे दोन मुलींपेक्षा त्यांची एक गाडी ऐसपैस राहते. गाड्या जमिनीखाली घालायच्या तर खर्च एवढा वाढतो, की तो भाड्यात टाकावा लागतो. आणि भाडं सगळ्यांनाच सारखं असल्यामुळे जिच्याकडे सायकलसुद्धा नाही तीही दरमहा कोणाच्या तरी टोयोटाचं घरभाडं भरते.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात, संध्याकाळी सातला. सात म्हणजे सात. मंचावर सात सभासद; सगळे गावातलेच, बिनपगारी. अध्यक्षबाई पेशानं दंतवैद्य होत्या. समोरचा माणूस आ करून बसला आहे आणि आपण काम करतो आहोत, या परिस्थितीची त्यांना सवय असल्यामुळे सभा फार छान चालली.

आधी बिल्डरचा वकील उठला. सूट हवी असेल तर अडचण दाखवावी लागते. ती अडचण जमिनीची असावी लागते, मालकाची नाही. ‘पैसे पुरत नाहीत’ ही अडचण धरत नाहीत. तेव्हा वकिलानं अर्धा तास त्या जमिनीची निंदा केली. ती त्रिकोणी आहे. तिला उतार आहे. तिच्या कडेनं ओढा वाहतो आणि ओढ्याच्या काठापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. इथं मात्र मला त्या वकिलाची दया आली. ओढा ही अडचण होऊ शकते हे पुण्यातल्या माणसाला पटवणं अवघड आहे. आमच्याकडे ओढ्याची अडचण ओढ्याला होते.

मग आर्किटेक्टनं पडद्यावर चित्रं दाखवली. बांधकामाच्या चित्रांतलं हवामान जगभर एकच असतं. निरभ्र आकाश, लांब सावल्या, झाडांना नुकती पालवी. एक मुलगी सायकल हातात धरून हसते आहे. एक मुलगा गिटार घेऊन पायरीवर. एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले आहेत आणि इमारतीकडे कौतुकानं बघताहेत. संपूर्ण चित्रात गाडी एकच, ती विजेवर चालणारी, आणि तीही निघून चाललेली. प्रत्यक्षातले आजोबा माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाचा लवलेश नव्हता.

तिसरा आला वाहतुकीचा तज्ज्ञ. त्यानं निष्कर्ष काढला होता की विद्यार्थी चालत जातात, बसनं जातात, आणि प्रत्यक्षात गरज साठाच्या निम्म्याहूनही कमी आहे. रहिवाशांच्या गाड्यांची खरी मोजणी रात्री उशिरा करतात, कारण तेव्हा सगळे घरी झोपलेले असतात, असं त्यानं सांगितलं. रात्री दोन वाजता विद्यार्थी झोपलेले असतात, या गृहीतकापाशी माझा तज्ज्ञांवरचा विश्वास संपला. माझ्याकडची मुलं रात्री दोनला राज्यघटना पाठ करायची. राज्यघटना नसेल त्या रात्री पत्ते.

यानंतर नागरिकांची पाळी. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, बोलायला तीन मिनिटं. समोर दिवे असतात. हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल लागला की वाक्य कुठंही असो, ते तिथंच सोडायचं. हे यंत्र पुण्यात आणलं तर व्याख्यानमालाच बंद पडतील, असं मला वाटून गेलं.

जे बोलायला उठले त्या प्रत्येकानं सुरुवात एकच केली. आपण विद्यार्थ्यांच्या विरुद्ध अजिबात नाही. आपणही एके काळी विद्यार्थी होतो. एका बाईंनी तर आपल्या घरात सध्याही एक विद्यार्थी आहे, तो आपला मुलगा आहे, आणि त्याची गाडी रस्त्यावर असते, असं सांगून टाकलं. मग ‘पण’ आला. पणनंतर झाडं आली, पाऊसपाण्याचा निचरा आला, लहान मुलांची सुरक्षितता आली, वस्तीचा बाज आला. वस्तीचा बाज म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं होतं. वस्तीचा बाज म्हणजे माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर माझी गाडी, एवढंच मला तरी दिसलं. रस्ता नगरपालिकेचा, डांबर नगरपालिकेचं, बर्फ काढतात तेही नगरपालिकेचे लोक. पण आपल्या खिडकीतून दिसणारा सार्वजनिक रस्ता हा आपल्या सातबाऱ्यावर आहे, ही भावना जगात सगळीकडे सारखी आहे. आम्ही पुणेकर तिला पाटी लावतो, ते तिला निवेदन देतात.

या सर्वांच्या घरांना गराज आहेत. दोन-दोन गाड्यांचे. त्यांत गाडी नसते. त्यांत नाताळचं प्लास्टिकचं झाड, व्यायामाचं यंत्र, मुलाचा जुना पाळणा, तीन बर्फ काढायची फावडी आणि एक न उघडलेलं खोकं असतं. लेकीच्या गराजमध्ये आम्ही इथून नेलेला पाटा-वरवंटासुद्धा आहे. तो पाटा आत ऊन-पावसापासून सुरक्षित असतो आणि तीस हजार डॉलरची गाडी बर्फात उभी असते.

एका वृद्ध बाईंचा मुद्दा मला मनापासून पटला. थँक्सगिव्हिंगला त्यांच्या दोन्ही लेकी येतात. त्या दिवशी त्यांनी गाड्या कुठं लावायच्या? यावर मंचावरच्या एका तरुण सभासदानं हळूच विचारलं, की थँक्सगिव्हिंगला विद्यार्थी आपापल्या घरी जात नाहीत का? बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो पुढं सभा संपेपर्यंत बोलला नाही.

निवृत्त कायद्याचे प्राध्यापक उठले. त्यांनी १९२६ सालचा युक्लिड खटला काढला. ओहायोतल्या युक्लिड गावानं कुठं घरं, कुठं कारखाने हे आखून दिलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटला परोपजीवी म्हटलेलं आहे, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं. मी आणि ही, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमचं सगळं वैवाहिक आयुष्य बांडगुळात गेलं आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि आम्हाला लिफ्ट नसल्याचंच काय ते दुःख होतं.

प्राध्यापक आणि पार्किंग हा तसा जुनाच विषय आहे. बर्कलीच्या विद्यापीठाचे क्लार्क केर यांनी १९६३ साली म्हटलं होतं, की विद्यापीठ म्हणजे आपापली दुकानं चालवणारे प्राध्यापक, आणि त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती, तर पार्किंगबद्दलची तक्रार. त्याच बर्कलीत नोबेल मिळालं की प्राध्यापकाला आवारात राखीव पार्किंग मिळतं. जागेवर तशी पाटीच असते. म्हणजे स्वीडनहून पदक आणि इथं नऊ बाय अठरा फूट. यांतलं दुर्मीळ कोणतं, ते तिथल्या कोणाही प्राध्यापकाला विचारावं.

आवाजाचा मुद्दा निघाला तेव्हा जावयानं चार खुर्च्यांपलीकडून मला मोबाइलवर बातमी पाठवली. बर्कलीतच पीपल्स पार्कच्या जागी विद्यार्थ्यांची घरं होऊ नयेत म्हणून लोक कोर्टात गेले होते. २०२३ साली अपील कोर्टानं म्हटलं, की विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांचा गोंगाट हाही पर्यावरणावरचा परिणाम आहे, त्याचा अभ्यास करायला हवा होता. म्हणजे कारखान्याचा धूर, नदीतली रसायनं आणि द्वितीय वर्ष बी.ए. अखेर विधिमंडळाला कायदा बदलून सांगावं लागलं, की घरात राहणाऱ्या माणसांचा आवाज हे प्रदूषण नव्हे. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत काय होतं हे त्या अपील कोर्टाला कळलं असतं, तर पेठाच्या पेठा बेकायदा ठरल्या असत्या.

एक गृहस्थ फाइल घेऊन आले होते. सडसडीत, टोपीवाले, निवृत्त. ते रोज रात्री उठून आपल्या रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते. त्यांच्याकडे तारीखवार तक्ता होता, फोटो होते, आणि कोणती गाडी कोणाची याबद्दलचे अंदाज होते. त्यांनी तो तक्ता वाचायला घेतला तेव्हा सभागृहातले दोघे-तिघे अस्वस्थ झाले. विशेषतः रात्री दोन वाजता निळी होंडा कोणाच्या दारात होती, या तपशिलापाशी. लाल दिवा लागला म्हणून बरं झालं.

विद्यार्थी एकच आला होता. परीक्षेचा आठवडा, त्यात संध्याकाळ. तो धापा टाकत आला, कारण बस उशिरा आली, आणि त्यानं ते खरं खरं सांगून टाकलं. विरोधकांनी ते लगेच टिपून घेतलं. तो म्हणाला, की मी पंचवीस मैलांवरून येतो कारण इथं खोली परवडत नाही. गाडी घेणंही परवडत नाही. खोली मिळाली तर मला गाडी लागणारच नाही. एवढं बोलून तो बसला. त्याची दोन मिनिटं उरली होती. मंचावरून कोणी काही विचारलं नाही. मला एक वाचलेली बातमी आठवली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एका कॉलेजनं २०२१ मध्ये घर नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या पार्किंग इमारतीत, आपापल्या गाडीत, रात्री झोपायला परवानगी दिली. खाटेसाठी जागा नव्हती, गाडीसाठी होती. मग खाटच गाडीत घातली.

आता मला राहवेना. बोलणाऱ्यांनी चिठ्ठी भरून द्यायची असते. ती मी कधीच भरून ठेवली होती. नाव पुकारलं गेलं तेव्हा मुलीनं डोळे मिटून घेतले. जावईबापू आणखी दोन खुर्च्या सरकले.

मी सांगितलं, की मी पुण्याचा. विद्यार्थी ठेवण्याचा मला अनुभव आहे. आमची पेठ अशा मुलांनी भरलेली आहे. वाड्यात मुलं, अभ्यासिकेत मुलं, मेसच्या रांगेत मुलं.

अध्यक्षबाईंनी कुतूहलानं विचारलं, “तुम्ही त्यांना पार्किंग किती देता?”

“देत नाही.”

“मग ते आपली वाहनं कुठं ठेवतात?”

“समोरच्यांच्या दारात.”

“आणि समोरचे?”

“त्यांनी पाटी लावली आहे.”

“काय लिहिलंय त्यावर?”

“इथं गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.”

मंचावर कुजबुज झाली. नगरपालिकेच्या वकिलानं चष्मा काढून विचारलं, की ही तरतूद महापालिकेच्या कोणत्या नियमाखाली येते. मी म्हटलं, ती महापालिकेची नाही, समोरच्यांची आहे. त्यांना अधिकार कोणी दिला, हे मला चाळीस वर्षांत विचारायचं सुचलं नव्हतं.

उरलेल्या वेळात मी पी-वन, पी-टू समजावून सांगितलं. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. सगळ्या शहरानं रोज बाजू बदलायची. हे ऐकून सभासद खरोखर प्रभावित झाले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला रोज तारीख माहीत असते, यातच त्यांना संस्कृती दिसली. टोपीवाल्या गृहस्थांनी मात्र हात वर केला. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते. दोन्ही विषम. मग? मी म्हटलं, त्या दिवशी आराम. तेवढ्यात लाल दिवा लागला.

सांगायचं होतं ते पुढेच राहिलं. सांगायचं असं होतं, की पार्किंगची सूट मागण्यासाठी एवढी माणसं एका खोलीत जमलेली पाहून मला भरून आलं. आम्ही सूट मागत नाही. आमच्याकडेही नियम आहे, आणि तो मोठा कडक आहे. नकाशात प्रत्येक गाडीचा चौकोन आखलेला असतो, त्यात आर्किटेक्टनं छोटीशी मोटारही काढलेली असते. नकाशा पास होतो. इमारत उभी राहते. भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. आणि मग एका सकाळी स्टिल्टच्या पार्किंगला शटर लागतं. आत आधी वॉचमनची खोली होते, मग तिथं झेरॉक्सवाला येतो, मग पोळी-भाजी केंद्र. आणि त्या पोळी-भाजीला येणाऱ्यांच्या दुचाकी रस्त्यावर. अमेरिकन बिल्डर पार्किंग न बांधण्याची परवानगी मागतो. आमचा बांधण्याची परवानगी घेतो. वकील, तज्ज्ञ, चित्रं, दिवे, कशाकशाचा खर्च नाही.

चौकोन विकायचे असतात तो भाग वेगळा. मुंबईच्या दहिसरमधल्या एका सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० साली न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की उघड्यावरची किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी सुटी विकता येणार नाही. तेव्हापासून ती विकत नाहीत. ती ‘अलॉट’ करतात, आणि अलॉटमेंटचे पैसे घेतात. २०१८ मध्ये पुणे महापालिकेनं रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं. सुरुवातीला पाचच रस्त्यांवर प्रयोग करायचा होता. त्याच सुमारास, शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली अशी बातमी होती. धोरण नियमाप्रमाणे बाजूला उभं करून ठेवलं, आणि वर्षानुवर्षं त्याला कोणी उचललं नाही.

माझ्या साक्षीचा उपयोग झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. माझ्यानंतर उठलेल्या विरोधक बाईंनी सांगितलं, की पुण्याहून आलेल्या या सद्गृहस्थांनी मान्यच केलं आहे, पार्किंग दिलं नाही तर विद्यार्थी शेजाऱ्यांच्या दारात गाड्या लावतात आणि प्रकरण हवा सोडण्यावर येतं. त्यांच्यानंतर बिल्डरचा वकील उठला आणि म्हणाला, की पुण्याच्या सद्गृहस्थांनी सिद्धच केलं आहे, शून्य पार्किंग असलेली विद्यार्थ्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चालू शकते. दोघांचंही म्हणणं इतिवृत्तात गेलं. मक्याच्या शेतांमधल्या एका नगरपालिकेच्या दप्तरात सदाशिव पेठ आता दोन्ही बाजूंचा पुरावा म्हणून नोंदलेली आहे. पेठेच्या स्वभावाला ते धरूनच झालं.

एका सभासदानं शेवटी बफेलो शहराचा दाखला दिला. तिथं २०१७ मध्ये ही सक्तीच काढून टाकली. गाड्या हव्यात त्यानं बांधाव्यात, नकोत त्यानं बांधू नयेत. कॅलिफोर्नियानंही २०२२ मध्ये रेल्वे आणि जास्त फेऱ्यांच्या बस थांब्यांजवळ कायद्यानं तेच केलं. “बफेलोत बर्फ किती पडतो माहीत आहे का?” एक जण मागून म्हणाला. बर्फाचा मुद्दा कोणाच्या बाजूचा, हे कोणालाच न कळल्यामुळे सभा पुढच्या महिन्यावर गेली. पार्किंगचा आणखी एक अभ्यास करून आणावा, असं ठरलं.

मी पुण्याला परत आल्यावर मुलीनं निकाल कळवला. चार विरुद्ध तीन मतांनी सूट मंजूर. पण पूर्ण नाही. अठराच्या ऐवजी तीस गाड्या बसवाव्यात. त्यासाठी तळमजल्यावरच्या खोल्या गेल्या आणि वरचा एक मजलाही गेला. एकशे वीस खाटांच्या शहाण्णव झाल्या. शहाण्णवला नियमानं अठ्ठेचाळीस गाड्या लागतात, तेव्हा सूट अठरा गाड्यांची. सगळ्यांनी हा तोडगा समंजसपणाचा म्हणून वाखाणला. ज्या चोवीस जणांच्या खाटा गेल्या ते वाखाणायला हजर नव्हते. त्यांचे प्रवेश अजून व्हायचे आहेत.

शिवाय अटी आहेत. सायकलींना छप्पर. भाडेकरूंना बसचा पास. ज्यांना आत जागा मिळालेली नाही त्या भाडेकरूंनी आपण गाडी बाळगणार नाही असं लिहून द्यायचं. चोरून ठेवली आणि लांब कुठं लावली तर? तर इमारतीच्या मालकानं आसपासच्या रस्त्यांवर रात्री नजर ठेवायची आणि दर तिमाहीला नगरपालिकेला तक्ता सादर करायचा. या कामासाठी मालकाला गावातलाच, सवयीचा आणि रात्री जागू शकणारा माणूस हवा होता. टोपीवाल्या गृहस्थांनी अर्ज केला आहे. मुलगी म्हणते, ते पगार घेणार नाहीत म्हणाले. फक्त रात्री उभं राहायला इमारतीच्या आवारात एक राखीव जागा हवी आहे, गाडीसकट.